पैलतीराची हाक

आवाज खालच्या पुलापासूनच ऐकू यायला लागला.

बुन्येच्या डोक्यावर लाल चवळीच्या भाताचं पातेलं होतं, हातात किमचीचा डबा. ती थांबली तसा मागून येणारा दोक-सूही थांबला. पाठीवरचा ढोल त्यानं हलक्या हातानं सावरला. जणू आत कुणी निजलेलं होतं.

"ऐकलंस?" त्याचे डोळे भरून आले होते. "पोरीचा गळा उघडला गं."

पुलाजवळ शिंगाडे विकायला बसलेली बाई हसली. "तुमची लेक होय ती? काल पहाटेपासून गातेय. आमचे हे म्हणाले, जेवते तरी कधी ही? तुमच्या घराण्यात जेवत नाहीत वाटतं?"

दोक-सू मोठ्यानं हसला आणि कौतुकानं शिंगाडे विकत घेतले. पिशवीभर. बुन्ये हसली नाही. गाणाऱ्यांच्या घरात तिचा उभा जन्म गेला होता, आणि स्वतः ती कधी एक ओळ गायली नव्हती. चुलीपाशी बसून ऐकणाऱ्याला आवाज ऐकायची सवय नसते, तो आवाजामधल्या जागा ऐकतो. श्वास कुठं घेतला, पाणी कुठं प्यायली, कुठं थांबून स्वतःशीच हसली. बुन्येला लेकीच्या गाण्यातल्या त्या जागा पाठ होत्या.

डोंगरावरून आवाज येत होता, आणि त्यात जागा नव्हती.

"भरभर चला," ती म्हणाली.

थोरला मुलगा जे-इक पुढं निघून गेला होता. टॅक्सी त्यानं देवळाच्या आवारात लावली होती, तोंड रस्त्याकडं करून. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण बुन्येनं पाहिलं होतं.

*

धबधब्याजवळची ती झोपडी दोक-सूच्या मा घराण्याचीच. शंभर दिवस इथं राहायचं, पाण्याच्या आवाजावर आवाज चढवायचा, गळा फुटेपर्यंत गायचं आणि फुटलेल्या गळ्यातून नवा आवाज येईतो पुन्हा गायचं. गुम-सॉन आत्या इथं राहून गेली होती. तिच्या आधी तिची आई ओक-दान. आज लेकीचे, ह्येरानचे दिवस पुरे होत होते. साधना उतरली की घरच्यांनी लाल चवळीचा भात घेऊन वर यायचं, ही रीत.

अंगणात पाऊल टाकताच किंचाळी आली.

"दादा! आजीवर पाय देऊ नकोस!"

जे-इक एका पायावर उभा राहिला. अंगणभर गोटे मांडले होते. नदीतले, धुऊन पुसून काढलेले, ओळीनं. ह्येरान अनवाणी धावत आली. ओठ फुटले होते, केस ओले होते, आणि चेहरा असा उजळला होता की बुन्येला क्षणभर वाटलं, देवा, किती सुंदर दिसतेय ही. आणि लगेच तिची नजर त्या फुटलेल्या ओठांवर गेली.

"ही आजी बाजारला निघालीय. हा बैलवाला. ही नवी नवरी, हिला माहेरी जायचंय, हिला धक्का लावू नका, हिला मळमळतंय. आई, तू इकडून ये, बैलवाल्याच्या मागून. बाबा, ढोल आणलात? आणलात! दादा, तुझं पोट बघ! तू नावेत बसलास तर आम्ही सगळे बुडू. तू काठावरच थांब. काठाला कुणीतरी जाड माणूस लागतंच, नाहीतर काठ वाहून जातो, हे मला परवा कळलं. तुला कळलं होतं? कुणालाच कळत नाही!"

दोक-सू हसत हसत एकेका गोट्याला वळसा घालत आला. उडी मारताना ढोल पाठीवर आपटून आपोआप वाजला, धप्प, आणि ह्येरान टाळ्या पिटत खिदळली. हसणं संपायची वेळ झाली तरी ते संपलं नाही. दोक-सूचं हसू मात्र हळूहळू उतरलं.

"जेवलीस का, बाळा?" बुन्येनं विचारलं.

"आई, जेवायला वेळ कुठंय? नाव मधोमध आहे!"

ओसरीवर गुम-सॉन आत्या बसली होती. पांढरीशुभ्र साडीसारखी वाटावी अशी लांब घोळाची झगा-चोळी, ताठ पाठ, मांडीवर कॅसेटचा रेकॉर्डर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बुन्ये," ती हलकेच म्हणाली, "तिला आईच्या गाण्याचा शेवट सापडलाय."

*

जे-इकनं आत्याला झोपडीमागं सरपणाच्या ढिगाऱ्यापाशी गाठलं. येताना तो मुद्दाम सरळ चालत आला होता. बैलवाला आणि नवी नवरी त्याच्या बुटाखाली कडमडले होते.

"आत्या, गोळ्या घेतेय का ती?"

"कसल्या गोळ्या?"

"तुला माहितेय कसल्या. ग्वांगजूच्या डॉक्टरांनी दिलेल्या. दोन वर्षांपूर्वी सोलच्या वसतिगृहातून तिला कशी आणली होती विसरलीस? खिडकीत उभी होती ती. मी खालून बघितली होती."

गुम-सॉननं पदर सावरावा तशी चोळीची गाठ सावरली. "मी बंद करायला सांगितल्या."

"काय?"

"रजईखालून गायल्यासारखी गात होती पोर. तोंड सारखं कोरडं. हात थरथरायचे, पंखा धरता यायचा नाही. तू टॅक्सी चालवतोस बाळ, तुला काय कळणार? चाळीस वर्षं झाली मी गातेय. असा गळा मी एकदाच ऐकलाय. माझ्या आईचा."

"आणि आजीचं काय झालं?"

गुम-सॉन धबधब्याकडं वळली. पाणी पडत होतं, शरदातलं बारीक पाणी, पावसाळ्यातला गडगडाट नव्हता त्यात. त्याखालचं कुंड काळंशार आणि शांत होतं.

"तिला खाली नेतोय मी," जे-इक म्हणाला. "आत्ता. गाडी उभी आहे."

"एकदा गाऊ दे. एकदाच. मी रेकॉर्ड करते, मग ने कुठं न्यायची ती. बत्तीस वर्षं लोक मला विचारतायत, पुढं काय झालं? नाव मधोमध आली, पलीकडून बापानं हाक मारली, पुढं काय? मी पंखा मिटते आणि नमस्कार करते. लोकांना वाटतं, वा, काय कलेचा मान! अरे, मला येतच नाही पुढचं!"

जे-इकला तिची कीव आली आणि त्या कीवेचाच राग आला. त्याच्या घरी दोन वर्षांची मुलगी होती. हल्ली ती ताटलीवर चमच्यानं ठेका धरायची आणि सगळे हसायचे, आजोबांवर गेलीय म्हणायचे. तो मुकाट्यानं चमचा काढून घ्यायचा. बायकोनं एकदा विचारलं, असं का करता? त्याला सांगता आलं नव्हतं. आजी, मग ह्येरान. रक्तातून उतरणाऱ्या गोष्टीला दार कुठून लावायचं?

"वन्सं."

बुन्ये मागं येऊन उभी होती. हातात पाण्याचा भोपळा, ह्येरानसाठी नेत असलेला.

"वन्सं, तुम्हाला काय वाटतं, सासूबाईंना ते गाणं कधी सुचलं?"

"म्हणजे काय? सगळ्या मुलखाला माहितेय. झोपली नाही, जेवली नाही, नऊ दिवस उभ्यानं—"

"तुम्ही नाटकवाल्यांबरोबर होतात तेव्हा. शेवटी आलात. मी घरात होते." बुन्येचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी नवी आलेले, हा पोटात. आम्ही दोघी पावट्याच्या शेंगा सोलायचो. एक ओळ म्हणायच्या, आणि म्हणायच्या, छे, कच्ची आहे. दुसऱ्या दिवशी परत तीच ओळ. कधीकधी मलाच विचारायच्या, बुन्ये, नदीला पोट म्हणू का गं? मी म्हटलं, म्हणा की, माणसं गिळते ना ती. तर इतक्या हसल्या! दोन हिवाळे चाललं होतं हे. रात्री घोरायच्या वन्सं, पोटभर जेवून घोरायच्या. गाणं त्यात झालं."

गुम-सॉननं मान हलवली.

"ते नऊ दिवस तुम्ही ऐकलेत ना? आठवा काय गायल्या. एक ओळ धड नव्हती. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. भोवतीचे लोक आहा म्हणत होते म्हणून आपणही म्हणालो. त्या दुखण्यानं काही दिलं नाही हो वन्सं. शेवट होता तो तेवढा घेऊन गेलं."

"खोटं आहे," गुम-सॉन म्हणाली. पण तिचा तो जगभर गाजलेला आवाज चिरकला.

*

गुम-सॉनला कधी काही झालं नव्हतं. हीच तिची लाज होती. ती रोज झोपायची, रोज जेवायची, वेळेवर रियाजाला बसायची, आणि लोक तिला उत्तम म्हणायचे. उत्तम! आईबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. तिला वाटायचं, आईला कुणीतरी येऊन हात लावला आणि मला ओलांडून गेलं. ह्येरानला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या मनात मायेआधी एक वेगळंच काही उठलं होतं आणि ते तिनं मायेखाली झाकून टाकलं होतं.

नदीला पोट म्हणू का गं. नदीच्या पोटाची ती ओळ गुम-सॉन हजार वेळा गायली होती. दर वेळी डोळे मिटून, ही वीज आईवर कशी कोसळली असेल ते मनात आणून. आणि ती पावट्याच्या शेंगांतून आली होती?

पुढून ओरडण्याचा आवाज आला.

जे-इकनं बहिणीचं मनगट धरलं होतं. "चल, ह्येरान, भूक लागलीय ना, खाली जाऊन मस्त गरम सूप—" आणि ती मासळीसारखी सुटली. गोटे तुडवत, स्वतःच्याच आजीला आणि नवरीला तुडवत, धावत सुटली ती कुंडावरच्या सपाट खडकावर जाऊन थांबली. अगदी कडेला. टाचा खडकावर, बोटं हवेत.

"कुणी पुढं यायचं नाही!"

कुणी गेलं नाही.

"गाणं पुरं करते. मग येते. नाहीतर नाही येणार." आणि एकदम लाडात, लहानपणी खाऊ मागायची तशी, "बाबा, ढोल घ्या ना. तुमच्याशिवाय कसं गाऊ? आत्या, तुझं ते यंत्र चालू कर. आई, तू ऐक नुसतं. तुला ऐकता छान येतं."

*

दोक-सूनं खडकावर चटई अंथरली. बसला. ढोल मांडीशी घेतला. सगळं हातांनी केलं, तो त्यात नव्हता. बुन्ये वाकून त्याच्यापाशी आली, जणू चटईचा कोपरा नीट करायला.

"ती हाक देऊ नका."

"नाही दिली तर ती तिथंच वाट बघत उभी राहील. त्या कडेवर. किती वेळ?"

"मग दुसरं काहीतरी करा."

"ढोलवाला गाणाऱ्याच्या मागून जातो, बुन्ये. पुढं जाता येत नाही त्याला."

"मामंजीही हेच म्हणाले होते," ती म्हणाली आणि मागं सरली.

त्याला ते सांगायची गरज नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वी तो याच खडकावर बापाच्या शेजारी बसला होता. नावाड्याच्या लेकीच्या गाण्यात नाव मधोमध आली की गाणारीनं पाठ फिरवायची, पाण्याकडं तोंड करायचं, आणि मागून ढोलवाल्यानं बापाची हाक द्यायची, एकच शब्द, ये. समोरचा कडा ती हाक परत फेकायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, पैलतीरावरून आली. गावोगावच्या बैठकीत कडा नसायचा, लोक मनानं ऐकायचे. इथं मात्र डोंगर खरोखर हाक मारायचा. दोक-सूच्या बापानं ती जीव ओतून दिली होती. त्या संध्याकाळी सगळे म्हणाले, अशी हाक झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडाच्या कडेला आईच्या चपला सापडल्या, जोडीनं, बोटं पाण्याकडं.

बापानं त्यानंतर ढोलाला हात लावला नाही. का, ते कधी बोलला नाही. घरात ते न बोलणंच सांगितल्यासारखं झालं होतं.

धप्प. दोक-सूनं पहिला ठोका दिला.

ह्येरान वळली, त्यांच्याकडं तोंड केलं आणि पंखा उघडला.

आणि तिनं गायला सुरुवात केली तसा तो सगळं विसरला. नको होतं, तरी विसरला. आवाज खरखरीत होता, फाटलेला, रक्तातून आल्यासारखा, आणि त्या फाटीतून काहीतरी असं उजळत होतं की त्याच्या तोंडून नकळत निघून गेलं, "आहा! ऑल्शिगू!" अशी दाद द्यायची रीतच ती. ढोलवाल्यानं गाणाऱ्याला उचलून धरायचं. ती उचलली गेली. त्यानं बघितलं, दादेचा एकेक शब्द तिच्या अंगात तेलासारखा पडत होता.

*नदीबाई नदीबाई, तुझं पोट किती खोल*
*माझ्या बापाच्या पायाचं, एक पाऊल तू बोल*

नावाडी पुरात गेला. लेकीनं वल्हं हाती घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्या उतारूंना ती विचारते, माझा बाप पलीकडं दिसला का? बाजारची आजी सांगते, दिसला. बैलवाला सांगतो, नाही. नवी नवरी काहीच बोलत नाही, रडते. इथवर ह्येरान ओळीला धरून होती. मग लय वाढली. दोक-सूचे हात मागून धावू लागले. उतारू वाढले, गाण्यात नसलेले उतारू, दादा आला, डॉक्टर आला, सोलमधली खिडकी आली, काठ वाहून गेला म्हणून सांगणारा कुणी जाड माणूस आला. एका उतारूचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडात, दुसऱ्याचं पाण्याच्या तोंडात. चकाकत होतं सगळं, आणि कशाला काही लागून नव्हतं. त्यानं हे आधी ऐकलं होतं. आईचे ते नऊ दिवस असेच होते. त्यानं तेव्हाही आहा म्हटलं होतं.

त्यानं दाद देणं थांबवलं.

तिनं चमकून बघितलं. "बाबा?" गाण्याच्या लयीतच तिनं विचारलं. त्यानं नुसता ठोका दिला. आणि पुढचा ठोका केसभर उशिरा दिला. त्याच्या पुढचा आणखी जरासा. घोड्याच्या लगामासारखं, दुखू न देता. तिची लय अडखळली, रागावली, पुढं ओढू लागली. तो मागं राहिला. बत्तीस वर्षांत तो कुणा गाणाऱ्याला असा आडवा आला नव्हता. गुम-सॉन ताई आपल्याकडं बघतेय हे त्याला मान न वळवता कळत होतं.

ओढाओढीत गाणं संथ झालं, आणि संथ होताच तिला ओळ सापडली. आजीची, जुनी, नीट घासलेली ओळ.

*नाव आली मधोमध, मागं धुकं पुढं धुकं*
*पैलाडून हाक येते, पाणी झालं सारं मुकं*

तिनं पाठ फिरवली.

पाण्याकडं तोंड करून ती उभी राहिली. घोळाचा काठ वाऱ्यानं कुंडावर उडत होता. पंखा मिटलेला. ती वाट बघत होती. समोर कडा. सगळं इतकं स्तब्ध झालं की रेकॉर्डरच्या चाकांची कुरकुर ऐकू येत होती.

हाक आली नाही.

म्हणून तिनंच पुढची ओळ उचलली. तिला सापडलेली. मुलाला अंगाई म्हणावी इतक्या गोड आवाजात.

*वल्हं सोडलं पाण्यात, नको नाव नको काठ*
*पाण्यावर पाय माझा, चालते मी तुझी वाट*

तिचा उजवा पाय उचलला.

जे-इकच्या तोंडून हाक निघणारच होती. बुन्येनं त्याच्या तोंडावर हात दाबला, इतक्या जोरात की त्याचा ओठ दाताखाली आला. तिला कळलं होतं, आणि त्याच क्षणी दोक-सूलाही. मोठ्यानं हाक मारली की कडा ती परत फेकणार. नको म्हटलं तरी नको पलीकडून येणार, थांब म्हटलं तरी थांब पलीकडून, आणि ती पलीकडं जाणार.

दोक-सूनं टिपरी खाली ठेवली. ढोल बाजूला केला. गाणं चालू असताना ढोलवाला जागेवरून उठत नाही. आग लागली तरी उठत नाही, असं त्याला बापानं शिकवलं होतं. तो उठला. मोज्यांतली पावलं खडकावर वाजू न देता तो तिच्या मागं जाऊन उभा राहिला, हात लावला असता तर लागला असता इतका जवळ. लावला नाही.

"बाळा," तो म्हणाला. ताटावर बसून मीठ मागावं तसा. "मी तिकडं नाहीये."

पाय तसाच हवेत होता.

"मी इकडं आहे. ह्या तीरावर."

डोंगरानं ते ऐकलं नाही. समोरून काही आलं नाही.

"मागं?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"मागं. तुझ्या अगदी मागं."

"पण गाण्यात तर तुम्ही तिकडं असता."

"असेन. आत्ता नाहीये."

"तुम्ही जागा सोडलीत, बाबा?"

"सोडली."

"ताल मोडला?"

"मोडला."

ती रडायला लागली. आधी खांदे, मग पाठ. "सापडला होता मला," ती म्हणाली, "आत्ता हातात होता, आणि तुम्ही मोडलात. तुम्ही कोण मोडणारे? नुसता ढोल बडवणारा माणूस!" आणि शिव्या दिल्या, अशा की बुन्येनं मान खाली घातली. दोक-सू ऐकत राहिला. शिव्या देता देता तिचा पाय खाली आला, खडकावर. मग दुसरा, अर्धं पाऊल मागं. मग तिची पाठ त्याच्या छातीला टेकली. तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तिला धरलं. अंग तापल्यासारखं होतं, आतलं हृदय कुठल्या तालात नव्हतं, नुसतं धावत होतं.

खट्ट असा बारीक आवाज झाला. गुम-सॉननं रेकॉर्डरचं बटण दाबून बंद केलं होतं. ती ताठ बसली होती अजून, पण तिचा चेहरा एकदम वय झाल्यासारखा दिसत होता.

"वन्सं," बुन्ये म्हणाली, "तिची शाल आत आहे."

गुम-सॉन उठली आणि शाल आणायला गेली.

*

भात कुणी खाल्ला नाही. ह्येराननं दोन घोट पाणी प्यायलं, तिसरा जमिनीवर ओतला, नवरीला तहान लागलीय म्हणाली. निघताना अंगणात ती अडून बसली. उतारू विखुरले होते. त्यांना असंच सोडून कसं जायचं? जे-इकनं घड्याळाकडं बघितलं नाही. तो गुडघ्यावर बसला. "बैलवाला कुठं होता गं?" तिनं दाखवलं. त्यानं गोटा उचलून ठेवला. "आणि ही?" "ती आजी. सांभाळून, गुडघा दुखतो तिचा." त्यानं सांभाळून ठेवला. नवी नवरी मात्र त्यानं मुठीत घेतली, बहिणीच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटली. "हिला माहेरी सोडू आपण. गाडीतनं."

"गाडीत मळमळेल तिला."

"काच खाली करतो."

वाट उतरायला लागले. जे-इक पुढं, त्याच्यामागं बुन्ये आणि ह्येरान, मनगटाला मनगट बांधल्यासारख्या, शेवटी दोक-सू. गुम-सॉननं ढोल स्वतःच्या पाठीवर घेतला होता. या घरातल्या कुठल्या गाणारीनं तो कधी उचलला नव्हता. मध्येच ती बुन्येच्या जवळ आली.

"अगं," ती म्हणाली, "ती पुढची ओळ... पाण्यावर पाय माझा. ती चांगली आहे ना?"

बुन्येनं ह्येरानला एका दगडावरून उतरवलं. "चांगली आहे, वन्सं. कच्ची आहे."

ह्येरानची बडबड थांबली नव्हती. झाडं तिच्याशी बोलत होती, पूल तिच्याशी बोलत होता. गोळ्या लागू पडायला वेळ जातो हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या वेळी दोन महिने गेले होते, आणि मग ती इतकी गप्प झाली होती की त्या गप्पपणाचीही भीती वाटायची. डॉक्टरांना सांगायचं होतं की हात थरथरतात, पंखा धरता येत नाही, दुसरं काही आहे का तुमच्याकडं. मागच्या वेळी कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा गळा परत येईल की नाही, तिला यायचं असेल की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं.

धबधबा मागं राहत होता, पण वाट वळली की एकदम जवळ आल्यासारखा ऐकू यायचा. तसा तो आला की ह्येरान थबकायची. मान वळायला लागायची. बुन्येची पकड घट्ट व्हायची, तेवढ्यानं भागायचं नाही.

तेव्हा मागून दोक-सू म्हणायचा, कड्याला ऐकू जाणार नाही इतकं हळू, "मी इकडं आहे."

ती एक पाऊल पुढं टाकायची. पुढच्या वळणावर तो पुन्हा म्हणायचा.